तुलूझला जुन्या मित्राकडे सहकुटुंब जाताना: तारखांपासून परतीच्या बॅगेपर्यंत

‘तू फक्त तिकीट काढ, बाकी मी बघतो,’ असं तुलूझचा मित्र फोनवर म्हणाला, की त्या ‘बाकी’त काय काय येतं ते आपणच आधी कागदावर लिहून काढावं. त्यात नगरपालिकेतल्या खेपा येतात, रजेचे दिवस येतात, मुलांच्या शाळा येतात, आणि दोन खोल्यांत दोन कुटुंबं कशी झोपणार हा प्रश्नही येतो. मित्र प्रेमानेच बोलावतो, पण ते प्रेम आठव्या दिवशीही टिकायचं असेल तर तयारी दोन्हीकडून व्हायला हवी.

दक्षिण फ्रान्समधल्या या शहरात ओळखीचं मराठी घर असणं आता नवलाचं नाही. एअरबसचं मुख्यालय इथे आहे, फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचं मोठं केंद्र इथे आहे, सुपाएरो आणि एनाकसारखी विमानविद्येची महाविद्यालयं इथे आहेत. शिकायला म्हणून आलेला, मग नोकरीला लागलेला आणि आता मुलं फ्रेंच शाळेत घातलेला एखादा वर्गमित्र आपल्यापैकी अनेकांना असतो. पॅरिस-स्वित्झर्लंडच्या ठरीव सहलीला तुलूझचे दोन दिवस चिकटवण्यापेक्षा आठ-दहा दिवस तिथेच राहावं, या मताचा मी आहे. पुढचं सगळं तसं धरूनच लिहिलंय. एक सूत्र मात्र सुरुवातीलाच पक्कं करा: आपला कार्यक्रम मित्राच्या आठवड्यात बसवायचा, मित्राचा आठवडा आपल्या कार्यक्रमात नाही.

आधी नेमका पत्ता विचारा

‘आम्ही तुलूझला असतो’ म्हणणारा माणूस बहुतेकदा ब्लान्याक, कोलोमिए किंवा तूर्नफय इथे राहत असतो. पुण्यात राहतो म्हणणारा जसा पिंपरीचा निघतो, तसंच हे. पण याने दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे सरकारी काम: या गावांच्या नगरपालिका वेगळ्या आहेत. तुमच्यासाठी लागणारा कागद कोलोमिएतल्या मित्राला कोलोमिएच्याच नगरपालिकेत मिळतो, तुलूझच्या नाही. दुसरी म्हणजे रोजचं जाणं-येणं. ब्लान्याकहून टी-१ ट्राम शहरात आणते. कोलोमिएहून आरेनपर्यंत लोकल गाडी आहे आणि तिथून मेट्रो. तूर्नफयला मात्र बसवरच भिस्त. बरोबर आजी-आजोबा असतील तर घर ते थांबा किती चालायचं, हे मित्राला मिनिटांत विचारा. त्याची ‘पाच मिनिटं’ तिथल्या चालीची असतात.

घराचा आकारही सरळ विचारावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फ्रान्समध्ये घराला ‘ते-त्रोआ’, ‘ते-कात्र’ अशी मापं आहेत. ते-त्रोआ म्हणजे तीन खोल्या, आणि त्यात दिवाणखानाही मोजलेला असतो. म्हणजे झोपायच्या खोल्या दोनच. त्यांचं चौघांचं कुटुंब आणि आपण चौघं म्हणजे दिवाणखान्यातला उघडणारा सोफा आणि जमिनीवर गाद्या. तीन-चार रात्री मजेत जातात. पुढच्या दिवसांसाठी जवळच स्वयंपाकघर असलेलं छोटं भाड्याचं घर किंवा अपार्टमेंट-हॉटेल घ्यावं. मित्र नको म्हणेल, वहिनी तोंडदेखलं नको म्हणतील. तरी घ्याच. सुरुवातीच्या रात्री त्यांच्याकडे, मग आपल्या जागेत, आणि जेवायला पुन्हा त्यांच्याकडे. ही रचना सगळ्यांना मानवते.

तारखा: दोन्हीकडच्या शाळा समोर ठेवा

फ्रान्समध्ये फेब्रुवारीतल्या आणि एप्रिलच्या सुमाराच्या सुट्ट्या तीन विभागांत वाटून दिलेल्या असतात. तुलूझ ‘सी’ विभागात येतं, पॅरिसबरोबर. ऑक्टोबरअखेरची आणि नाताळची सुट्टी मात्र देशभर एकाच वेळी असते. या चारही सुट्ट्या दोन-दोन आठवड्यांच्या. उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी मला दोन वेळा जुळणाऱ्या वाटतात. एक म्हणजे दिवाळीची सुट्टी. ती बऱ्याच वर्षी तिथल्या ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीला भिडते, आणि परदेशातल्या घराला फराळासकट पाहुणे आले तर आणखी काय हवं? दुसरी वेळ एप्रिलअखेर ते मे. तेव्हा हवा छान असते, अधूनमधून पाऊस असतो. शिवाय मे महिन्यात फ्रान्समध्ये १ आणि ८ तारखेला सार्वजनिक सुट्टी असते आणि ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या सणाची एक गुरुवारची सुट्टी असते. गुरुवारला जोडून शुक्रवारची रजा टाकायची आणि चार दिवस मोकळे करायचे, ही तिथली सर्वमान्य पद्धत. मित्राला एका रजेत चार दिवस मिळतात, ते आधी हेरून ठेवा.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. पारा पस्तिशी सहज ओलांडतो, घरांत एसी सहसा नसतो, ऑगस्टमध्ये पुष्कळ छोटी दुकानं आणि हॉटेलं बंद असतात. आणि मुख्य म्हणजे त्याच काळात मित्र स्वतः भारतात यायला निघालेला असतो.

मित्राच्या सहीचा कागद

इथे थोडं थांबून नीट वाचा, कारण व्हिसाचं अर्धं गणित या एका कागदावर आहे. तुम्ही मित्राच्या घरी राहणार असाल तर त्याने आपल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तास्यों दाकय’ नावाचा दाखला काढायचा असतो. अमुक व्यक्ती अमुक तारखांना माझ्या घरी राहणार आहे, असं यजमान लिहून देतो आणि नगरपालिका ते प्रमाणित करते. साधं निमंत्रणाचं पत्र किंवा ईमेल याच्या जागी चालत नाही.

त्यासाठी मित्राला स्वतःचं ओळखपत्र किंवा निवास परवाना, घर मालकीचं असल्याचा किंवा भाड्याचा पुरावा, विजेच्या बिलासारखा पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाची कागदपत्रं न्यावी लागतात. ३० युरोंचा शुल्क-स्टँप लागतो. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. घरात पाहुण्यांना पुरेशी जागा आहे का, हेही नगरपालिका बघू शकते. तुमच्या बाजूने त्याला पासपोर्टवरची नावं जशीच्या तशी, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा, पत्ता आणि नेमक्या तारखा हव्या असतात. हे व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवू नका. एकाच फाइलमध्ये, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानासकट पाठवा. नावातलं एक अक्षर चुकलं तरी मित्राला पुन्हा वेळ घेऊन पुन्हा अर्धा दिवस रजा टाकावी लागते. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं सहसा एकाच दाखल्यात बसतात. आई-वडील बरोबर असतील तर त्यांच्यासाठी वेगळा दाखला धरून चाला.

आणखी एक गोष्ट मित्र तोंडाने सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. या कागदावर सही करताना, पाहुण्यांना स्वतःचा खर्च झेपला नाही तर तो मी उचलेन, अशी हमी तो देत असतो. म्हणजे सही ही औपचारिकता नव्हे. तुमचा प्रवास विमा, परतीचं आरक्षण, बँकेतली शिल्लक हे सगळं त्याला आधीच दाखवून ठेवणं, हा साधा शिष्टाचार आहे.

दाखल्याची मूळ प्रत तुमच्या हातात यावी लागते. टपालाचा किंवा कुरिअरचा वेळ धरून, प्रवासाच्या चार महिने आधी मित्राला कामाला लावलेलं बरं. निघण्याच्या दिवशी मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, कारण विमानतळावरचा अधिकारीही ती मागू शकतो.

काही रात्री मित्राकडे आणि काही भाड्याच्या घरात असा बेत असेल तर दाखला फक्त त्याच्याकडच्या तारखांचा काढा आणि बाकीच्या रात्रींचं आरक्षण सोबत जोडा. कागदावर हॉटेल आणि प्रत्यक्षात मित्राचं घर, असली युक्ती करू नये. सीमेवर सहा वर्षांच्या मुलीला ‘कुठे राहणार?’ असं विचारलं तर ती काकाचंच नाव घेणार.

व्हिसाची फाइल

तुलूझमध्ये सर्वांत जास्त रात्री असतील तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा. सोबत स्वित्झर्लंडचा बेत असेल तर रात्री मोजा: जिथे मुक्काम जास्त, तिकडे अर्ज. फ्रान्स-व्हिसाच्या अधिकृत संकेतस्थळावर फॉर्म भरून, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएसच्या केंद्रात वेळ घ्यायची. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण सुट्टीच्या हंगामात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून तीन महिने आधीचं लक्ष्य ठेवा.

शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. विमा निदान ३०,००० युरोंचा. रोजच्या खर्चासाठी फ्रान्सने माणशी रक्कम ठरवून दिली आहे: यजमानाचा दाखला असेल तर ३२.५० युरो, हॉटेलचं आरक्षण असेल तर ६५ युरो. दाखल्यामुळे हा भार निम्म्यावर येतो, मित्राच्या ३० युरोंचं मोल इथे कळतं. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि मुलांचे जन्मदाखले विसरू नका.

पोहोचणं

भारतातून तुलूझला थेट विमान नाही. पॅरिस, फ्रँकफर्ट, म्युनिक, ॲम्स्टरडॅम किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं. मुलं आणि बॅगा असतील तर एकाच तिकिटावर तुलूझपर्यंत जावं, म्हणजे सामान थेट शेवटी मिळतं. पॅरिसला उतरून रेल्वेने जायचा मोह अनेकांना होतो. २०१७ मध्ये पॅरिस-बोर्दो वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून पॅरिसच्या मोंपारनास स्थानकापासून तुलूझ साधारण सव्वाचार-साडेचार तासांत होतं आणि प्रवास सुरेख आहे. पण विमानतळाहून मोंपारनासला जाण्यात पॅरिसची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर चार मोठ्या बॅगा आणि झोपलेलं मूल घेऊन हे नको. रेल्वे हवीच असेल तर परतीला घ्या, पॅरिसला दोन रात्री काढून.

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, पहिल्यांदा जिथे उतराल तिथे पासपोर्ट तपासणी होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने शिक्क्याऐवजी फोटो आणि ठशांची नवी नोंद-पद्धत टप्प्याटप्प्याने आणली आहे. रांग लांबते. पुढच्या विमानाला तीन तासांचं अंतर ठेवा. दीड तासाचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त असलं तरी घेऊ नका.

मित्राला विमानतळावर यायचं असेल तर येऊ द्या, पण एक लक्षात घ्या: फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलांना वय-उंचीप्रमाणे योग्य आसन गाडीत सक्तीचं आहे, आणि पाच जणांच्या गाडीत आठ जण बसत नाहीत. मुलांची वयं, उंची आणि वजन त्याला आधी कळवा. तो कोणाकडून तरी आसनं मागून आणतो.

बॅगेत काय न्यायचं, काय नाही

वहिनींना विचारलं तर त्या म्हणतील, ‘काही आणू नका हो.’ तुमच्या मुलीने त्यांच्या मुलीला विचारलं तर खरी यादी मिळते.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, श्रीखंड, बासुंदी, घरचं तूप, सगळं राहिलं. ताज्या फळभाज्यांना आणि पानांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी हे दोन्ही मोह आवरा. हापूस जप्त होताना बघणं फार क्लेशकारक असतं. गंमत म्हणजे या नियमातून केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ ही पाच फळं वगळली आहेत. पूजेच्या नारळाला हा नियम आड येत नाही.

बिनधास्त नेण्यासारखं: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी, आमसुलं, पोह्याचे पापड, भाकरवडी, तेलातला चिवडा, तिळगूळ, शेंगदाण्याची चटणी. बाजरीचं किंवा नाचणीचं पीठ. डाळ-तांदूळ तिथे मिळतो, त्यात वजन घालवू नका. मसाले दोन पिशव्यांत घट्ट बांधून वर मराठीत नाव लिहिण्याची आपली सवय असते. जोडीला रोमन लिपीतही लिहा, तपासणीत वेळ वाचतो. मुलांसाठी मराठी पुस्तकं न्या. तिथे वाढणाऱ्या मुलांना मराठी ऐकायला मिळते, वाचायला मिळत नाही.

त्यांच्या घरात

गरम पाणी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. पुष्कळ फ्रेंच घरांत रात्री स्वस्त विजेवर तापणारी पाण्याची टाकी असते. तिचं पाणी संपलं की संपलं, पुढची खेप दुसऱ्या दिवशी. सकाळी सात वाजता पाहुण्यांपैकी दोघांनी निवांत शॉवर घेतला तर साडेसातला ऑफिसला निघणाऱ्या मित्राला थंड पाणी मिळतं, आणि तो काही बोलत नाही. पाहुण्यांनी संध्याकाळी किंवा यजमान घराबाहेर पडल्यावर अंघोळ करावी. बादली-तांब्या मागायला हरकत नाही, बहुतेक मराठी घरांत तो असतोच, आणि त्यात पाणीही कमी लागतं.

संडास आणि स्नानघर बहुधा वेगळं असतं. स्नानघराच्या जमिनीवर पाणी ओतायची सोय नसते, तिथे जाळी नसते. हे आई-बाबांना पहिल्याच दिवशी, मित्रासमोर न सांगता, समजावून द्यावं.

घराघरात धूरसूचक यंत्र बसवणं २०१५ पासून सक्तीचं आहे. फोडणीत मिरच्या तडतडल्या की ते कर्कश ओरडायला लागतं. खिडकी उघडी, वरचा पंखा चालू, मगच कढई. रात्री दहानंतर वरच्या मजल्यावर मुलांची धावाधाव नको, तिथले शेजारी ते मनावर घेतात. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत बाहेरच्या लाकडी झडपा बंद करायच्या आणि रात्री उघडायच्या. आपण उलटं करतो, सकाळी खिडक्या उघडून ‘वारा येऊ दे’ म्हणतो, आणि घर तापतं.

आठवडा कसा मांडायचा

सोमवार ते शुक्रवार तुम्ही स्वतः फिरा. संध्याकाळी सात नंतर आणि शनिवार-रविवार त्यांचा. बुधवार वेगळा धरा, कारण प्राथमिक शाळांना त्या दिवशी दुपारी सुट्टी असते. त्यांची मुलं तुम्ही घेऊन जा. मित्र-वहिनींना त्या चार तासांची शांतता कुठल्याही भेटवस्तूपेक्षा मोलाची वाटते.

पहिला दिवस फक्त मध्यवस्ती. गुलाबी विटांचं हे शहर चालत बघायचं. कापितोल चौकातल्या कमानींखाली उभं राहून वर बघा, छतावर शहराचा इतिहास रंगवलेला आहे. तिथून सां-सेर्नांचं मध्ययुगीन चर्च पायी दहा मिनिटांवर. १०९६ मध्ये पोप दुसरा अर्बन याने त्याचं पवित्रीकरण केलं, आणि स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गाचा भाग म्हणून ते जागतिक वारसा यादीत आहे. मग जाकोबांचा मठ. त्याच्या शेवटच्या खांबातून माडाच्या झावळ्यांसारख्या फासळ्या छतभर पसरतात, मुलांना मान वर करून फिरायला लावणारी जागा. संध्याकाळी पाँ-नफजवळ गारॉन नदीच्या काठावर. नाव ‘नवा पूल’, पण १६३२ मध्ये पुरा झालेला आणि शहरातला सर्वांत जुना उभा पूल हाच.

दुसरा दिवस विमानांचा. ब्लान्याकच्या एरोस्कोपिया संग्रहालयात काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या आत शिरता येतं. २ मार्च १९६९ रोजी काँकॉर्डने पहिलं उड्डाण केलं ते याच शहरातून, आणि २७ एप्रिल २००५ रोजी ए-३८० या महाकाय विमानानेही. तिथेच ए-३८० आणि पोट फुगलेलं सुपर गपी हे मालवाहू विमान उभं असतं. जवळच एअरबसच्या कारखान्याची सशुल्क फेरी मिळते. तिचं आरक्षण पासपोर्टच्या तपशिलासह आधीच करा आणि मूळ पासपोर्ट न्या. मित्र तिथे नोकरीला असला तरी तो तुम्हाला असा आत नेऊ शकत नाही, त्याला त्या अडचणीत टाकू नका. कुंपणाबाहेरूनही बरंच दिसतं. इंडिगोने जून २०२३ मध्ये एअरबसच्या ए-३२० कुटुंबातल्या ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्यामुळे निळ्या शेपटीचं नवंकोरं विमान दिसण्याची शक्यता चांगली असते. मुलं ओरडतात. मोठेही ओरडतात.

बुधवारची दुपार ‘आल द ला माशिन’ला द्या, मोंतोद्रांला. तिथे सुमारे १४ मीटर उंचीचा, ४७ टनांचा यांत्रिक मिनोटॉर (ग्रीक कथांतला अर्धा बैल, अर्धा माणूस) माणसं पाठीवर घेऊन चालतो. जवळच टपाल-विमानांच्या पहिल्या वैमानिकांचं छोटं संग्रहालय आहे, १९१८ मध्ये त्या धावपट्टीवरूनच ही सेवा सुरू झाली. सिते द लेस्पास या अंतराळ उद्यानाला मात्र पूर्ण दिवस लागतो. आरियान-५ रॉकेटची पूर्ण आकाराची प्रतिकृती आणि आत शिरून बघता येणारं मीर अंतराळ स्थानक बघून मुलं बाहेर यायला तयार होत नाहीत.

दमलेल्या दिवशी तेलेओ. २०२२ मध्ये सुरू झालेली ही तीन किलोमीटरची हवाई केबल शहराच्या वाहतुकीचाच भाग आहे, मेट्रोचंच तिकीट चालतं. आजी-आजोबांना दहा मिनिटांत नदी, टेकडी आणि हवा स्वच्छ असेल तर पिरेनीज पर्वतांची रांग दिसते. मेट्रोत चालक नसतो, पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी मुलांना उभं करा. किंवा कनाल दु मिदीच्या काठाने सायकली. पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात भूमध्य समुद्राकडे खणून नेलेला हा २४० किलोमीटरचा कालवा. तुम्हाला त्यातले सात-आठ पुरेत.

शनिवार-रविवार, दोन्ही कुटुंबं

कार्कासोन. तासाभराच्या आत रेल्वे पोहोचवते. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज. तटाच्या आतल्या गल्ल्यांत फिरायला तिकीट नाही, आतला गढीवाडा आणि तटावरची फेरी याला आहे, आणि अठराच्या आतल्यांना तीही फुकट. आपण गडकोटांच्या मुलखातले, त्यामुळे तुलना होणारच. पण एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हियोले-ल-द्युक याने इथे किती नव्याने बांधलं, हे वाचून गेलात तर मित्राशी वाद छान रंगेल. आल्बी त्याहून शांत: विटांचं प्रचंड कॅथेड्रल, शेजारी चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं संग्रहालय. वसई किंवा गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब असेल तर लूर्दचं तीर्थक्षेत्र दोनेक तासांवर आहे, तो दिवस वेगळा काढाच.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आणा. स्टिअरिंग डावीकडे, गिअर बहुधा हाताचे.

रविवारी दुपारनंतर बहुतेक किराणा बंद. शनिवारी पिशव्या भरून ठेवा. रविवार सकाळी सां-ओबां चर्चभोवतीचा बाजार मात्र गजबजलेला असतो.

खाणं

दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. मध्ये स्वयंपाकघरं बंद. चार वाजता भुकेलेल्या मुलांना बेकरीच वाचवते. तिथे ‘शोकोलातीन’, म्हणजे चॉकलेट भरलेला खुसखुशीत पाव, मागा. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’, मगच काम. हे वगळलंत तर पुढचं सगळं थंड होतं.

इथली खासियत कासुले: पांढऱ्या घेवड्यात बदक आणि डुकराचं सॉसेज मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं. शाकाहारींनी ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणावं, मांस नको, मासे नको, आणि तरी विचारावं, कारण भाजी घालून भाजलेल्या ‘किश’ या खाऱ्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. व्हिक्टर ह्यूगो मंडई सकाळी बघा, सोमवारी बंद असते. वरच्या मजल्यावर दुपारचं जेवण मिळतं. एक संध्याकाळ मात्र स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात घ्या आणि वहिनींना बाहेर बसवा. पिठलं-भाकरी, ठेचा, बस.

पैसे, औषधं आणि परतीची बॅग

मित्राला पाकीट देऊ नका, तो घेणार नाही आणि दोघंही अवघडाल. किराण्याच्या रांगेत पुढे व्हा, सहलीचं पेट्रोल आणि टोल तुम्ही भरा, बाहेरच्या जेवणाला ‘हात धुवून येतो’ म्हणून उठा आणि बिल देऊन या.

रोजच्या औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावांसह इंग्रजीत घेऊन जा. औषधांचं दुकान म्हणजे हिरवा क्रॉस. आणीबाणीला ११२, वैद्यकीय मदतीला १५.

परतीला माणशी चार-पाच किलो जागा मोकळी ठेवा, सांगितलेलं नसलं तरी. शेवटच्या रात्री मित्र एक पिशवी पुढे करतो: वडिलांसाठी स्वेटर, आईसाठी क्रीम, भाचीसाठी चॉकलेटं, व्हायोलेटच्या फुलांच्या साखरेच्या गोळ्या. बंद पुडकं असेल तर आत काय आहे ते उघडून बघा, तुमच्या नावावर जाणारं सामान आहे. आणि ती पिशवी पुण्याहून कुरिअर करू नका. त्याच्या आई-वडिलांकडे स्वतः जा, नातवंडांचे व्हिडिओ फोनमध्ये घेऊन. जाण्याआधी फोन करा, कारण जेवल्याशिवाय ते सोडणार नाहीत.